वाटणी झाली, तरी विहीर सामाईक

दोन भावांची वाटणी होते. बांध पडतो, चूल वेगळी होते, बोलणेही बंद होते. पण विहीर सामाईक राहते. रागाच्या भरात एकाने तिच्यात माती लोटली, तर दुसऱ्याबरोबर त्याचेही पीक वाळते. हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. मोडलेल्या संसाराचेही तसेच आहे.

अशी एक बाई डोळ्यांसमोर आणा. गंगापूर-वैजापूरकडच्या ख्रिस्ती घरातली. काडीमोड होऊन तीन वर्षे झाली. दोन लेकरे घेऊन ती माहेरी राहते, रोजाने कामाला जाते. पूर्वीचा नवरा छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या कारखान्यात कंत्राटी कामगार. कोर्टाने ठरवून दिलेली पोटगी त्याच्या पगारातून येते. एके दिवशी बाईच्या कानावर येते, की त्याच्या खात्यातली माणसे कमी होणार.

ओसरीवर बसलेली माणसे म्हणतात, "बरी खोड मोडली!" आत्या-मावश्या त्याच्या नावाने बोटे मोडतात. आता त्या रात्री या बाईने गुडघे टेकून देवाजवळ काय मागावे?

ख्रिस्ती शिकवण याबाबत स्पष्ट आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो, की जे तुमचा छळ करतात त्यांच्यासाठीही प्रार्थना करा. हे ऐकायला सोपे, करायला महाकठीण. पण जुन्या करारात यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायात त्याच्याही पुढची, अगदी व्यवहाराची गोष्ट आहे. यहुदी लोकांना शत्रूने धरून बाबेलला नेले होते. यिर्मया संदेष्ट्याने त्यांना पत्र पाठवले, की त्या परक्या नगराचे भले चिंता आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कुशलात तुमचेही कुशल आहे. म्हणजे सामाईक विहिरीचीच गोष्ट!

प्रभूने शिकवलेली प्रार्थना मराठीत आली तेव्हा तिच्यात आपली भाकर आली. आणि ती भाकर 'माझी' नाही, 'आमची' आहे. या बाईच्या घरात त्या 'आमची'मध्ये लेकरांचा बापही येतो. त्याची भाकर गेली की लेकरांच्या ताटातलीही अर्धी जाते.

हे काही ख्रिस्ती माणसांपुरतेच नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणच्या नाथांची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. गोदावरीत स्नान करून येताना एक माणूस पुनःपुन्हा अंगावर थुंकला, नाथ पुनःपुन्हा स्नान करून आले, पण रागावले नाहीत. उट्टे न काढणे ही या मातीतली जुनी शिकवण आहे.

ताटातुटीचे दुःख मराठी ख्रिस्ती समाजाने पूर्वीही पाहिले आहे. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर झाल्या. तो काडीमोड नव्हता, पण काही वर्षे दोघे वेगळेच राहिले. लोक नाना बोलत होते, तरी पत्रांची वाट मोडली नाही. पुढे ती दोघे अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) पुन्हा एकत्र आली आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे सारे लिहिले आहे, आणि तेही कडवटपणा न आणता.

मात्र प्रत्येक गोष्टीचा शेवट असा होत नाही, आणि व्हायलाच हवा असेही नाही. पूर्वीच्या नवऱ्यासाठी प्रार्थना करणे म्हणजे त्याला परत मागणे नव्हे. मारहाण सोसून बाहेर पडलेल्या बाईला प्रार्थनेच्या नावाखाली कुणी पुन्हा त्याच घरात लोटू नये. क्षमा मनात करता येते आणि दाराला कडीही लावता येते.

तसेच, प्रार्थना केली म्हणून हक्क सोडायचा नाही. ख्रिस्ती बाईला पूर्वी घटस्फोट मिळणे फार अवघड होते. १८६९ च्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे होते, बायकोला मात्र तेवढ्याने भागत नसे. २००१ साली ही तफावत गेली आणि दोघांच्या संमतीने घटस्फोटाची वाटही खुली झाली. घटस्फोटित पत्नीने दुसरे लग्न केले नसेल आणि तिचा निर्वाह होत नसेल, तर तिला पोटगी मागता येते. लहान मुलांचाही तो हक्क आहे. पूर्वी हे फौजदारी संहितेच्या कलम १२५ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना, त्यांचे उत्पन्न कितीही असो, तेथे मोफत कायदेशीर मदत मिळते.

पोटगी थकवणाऱ्याला कोर्ट तुरुंगातही पाठवू शकते. पण तुरुंगात बसलेल्याची मजुरी बुडते. कायद्याचा हात कितीही लांब असला तरी रिकाम्या खिशातून तो काय काढणार? म्हणूनच त्याचे काम टिकावे ही इच्छा भाबडेपणाची नाही, शहाणपणाची आहे.

आणखी एक गोष्ट. लेकरे सगळे ऐकतात. ज्या घरात बापाच्या नावाने रोज शिव्याशाप चालतात, त्या घरातले पोर आईवर रागावते, नाहीतर स्वतःलाच हलके समजू लागते. आई बापाचे भले मागते आहे हे त्याने ऐकले, तर त्याला कोणाची बाजू घ्यावी लागत नाही. माहेरच्या मंडळींनी एवढे सांभाळले तरी लेकीवर मोठे उपकार होतील.

तेव्हा त्या बाईने मागावे ते एवढेच: देवा, त्याचे काम टिकव. त्याचे हातपाय धड ठेव, दारूपासून त्याला लांब ठेव. लेकरांचे देणे त्याच्या हातून वेळेवर येऊ दे. माझ्या मनातले विष काढ, आणि माझ्या हातांनाही काम दे.

हे मागून झाल्यावर कदाचित त्याची नोकरी टिकेल, कदाचित टिकणार नाही. पण ती बाई उठेल तेव्हा विहिरीत माती लोटल्याचे ओझे तिच्या मनावर नसेल, आणि सकाळी कामावर जाताना पाऊल हलके पडेल.