२५ मीटरचे पिस्तूल

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्यात दिसते ते पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेला. या जिल्ह्यात १९९० साली नक्षलविरोधी सी-६० पथक उभे राहिले. तेव्हापासून जंगलात उतरणाऱ्या जवानाची मुख्य भिस्त रायफलवर आहे; पिस्तूल असते ते अंतर अगदीच कमी उरले तर हाताशी असावे म्हणून. देशातल्या पोलीस दलांनी वर्षानुवर्षे वापरलेले ९ मि.मी.चे पिस्तूल ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतले. मूळ रचना ब्राउनिंग हाय-पॉवरची, मॅगझिनमध्ये १३ काडतुसे. चांदमारीच्या मैदानावर याच पिस्तुलाचा सराव होतो, आणि तिथे बहुतेकांना कळते की पिस्तुलाने नेम धरणे रायफलपेक्षा कितीतरी अवघड आहे. नळी आखूड, खांद्याचा आधार नाही, आणि बोटाची जराशी घाई थेट लक्ष्यावर उमटते.

याच जातीचे, पण फक्त कागदावर छिद्रे पाडण्यासाठी घडवलेले .२२ बोअरचे पिस्तूल महाराष्ट्राला ओळखीचे झाले ते पदकांमुळे. पुण्याच्या अनिसा सय्यद यांनी २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात वैयक्तिक सुवर्ण मिळवले. कोल्हापूरच्या राही सरनोबत त्या वेळी दुसऱ्या आल्या, आणि जोडीच्या प्रकारात दोघींनी मिळून सुवर्ण घेतले. राहींनी पुढे २०१३मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात, २०१४मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आणि २०१८मध्ये आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पालेम्बांगच्या त्या अंतिम फेरीत थायलंडची स्पर्धक आणि राही दोघी ३४ गुणांवर बरोबरीत राहिल्या. पहिल्या शूट-ऑफमध्येही निकाल लागला नाही, तो लागला दुसऱ्यात. इतक्या थोड्या फरकावर पदक ठरत असेल तर ऐन वेळी पिस्तूल अडकून चालत नाही, आणि ट्रिगर काल होता त्याहून आज निराळा लागूनही चालत नाही. पिस्तूल ‘लावून घेणे’ म्हणजे एवढेच: ते दर वेळी सारखे वागेल असे करणे.

ट्रिगर एकदा ओढला की गोळी एकच सुटते, पण पुढच्या गोळीची तयारी पिस्तूल स्वतः करते. स्फोटाचा दाब गोळीला पुढे ढकलतो तसा रिकाम्या पुंगळीलाही मागे ढकलतो. पुंगळी बोल्टला मागे रेटते. एक्स्ट्रॅक्टर तिला चेंबरमधून ओढून काढतो, इजेक्टर बाहेर फेकतो, मागे जाणारा बोल्ट हॅमर चढवतो आणि रिकॉइल स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे लोटते. पुढे येताना तो मॅगझिनमधले वरचे काडतूस उचलून चेंबरमध्ये सारतो. बोट ट्रिगरवर दाबलेलेच राहिले तरी दुसरी गोळी सुटत नाही, कारण डिस्कनेक्टर नावाचा लहानसा भाग ट्रिगर आणि हॅमर यांचा संबंध तोडून ठेवतो. ट्रिगर पुढे सोडल्यावरच तो पुन्हा जुळतो.

९ मि.मी.च्या काडतुसाचा दाब मोठा असतो. म्हणून त्या पिस्तुलात नळी आणि तिच्यावरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, एकमेकांत अडकून काही मिलिमीटर बरोबर मागे येतात, मग नळी खाली झुकते आणि स्लाइड सुटते. दर गोळीला नळी हलून परत जागेवर बसते, आणि कितीही नेटके काम असले तरी ती केसाने इकडेतिकडे होतेच. .२२च्या काडतुसाला या कुलपाची गरज नाही. बोल्टचे वजन आणि स्प्रिंग पुरते. त्यामुळे स्पर्धेच्या पिस्तुलात नळी सांगाड्याला पक्की बसवता येते. वॉल्थर, पार्डिनी, मोरिनी या नावाजलेल्या पिस्तुलांच्या अचूकपणाचे निम्मे श्रेय या साध्या गोष्टीला आहे.

स्पर्धेचे नियम काटेकोर आहेत. बोअर ५.६ मि.मी., वजन जास्तीत जास्त १४०० ग्रॅम, नळी १५३ मि.मी.पर्यंत, पुढच्या-मागच्या साइटमधले अंतर २२० मि.मी.पर्यंत आणि ट्रिगरचे वजन किमान १००० ग्रॅम. महिलांच्या २५ मीटर प्रकारात ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० सावकाश मारायच्या, ५ गोळ्यांना ५ मिनिटे. पुढच्या ३० जलद: हात खाली ४५ अंशांत, दिवा हिरवा होताच वर आणायचा आणि ३ सेकंदांत एक गोळी मारायची, मग ७ सेकंद थांबणे आणि पुन्हा तेच.

नवखा नेमबाज लक्ष्याकडे पाहतो, मुरलेला पुढच्या साइटकडे. याचे कारण गणितात आहे. पूर्ण हात समांतर १ सेंटिमीटर हलला तर गोळीही १ सेंटिमीटरच सरकते. पण पुढची साइट मागच्या खाचेत १ मिलिमीटर कलली, तर २२० मि.मी. अंतराच्या साइटवर ती चूक २५ मीटरवर सुमारे ११४ मि.मी. होते. सावकाश प्रकाराच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ५० मि.मी. आहे, म्हणजे दहावर जाणारी गोळी सहावर जाते. म्हणून लक्ष्य धूसर दिसले तरी चालते, साइट धूसर दिसता कामा नये. हात स्थिर ठेवण्याचा अट्टहासही तितकासा उपयोगाचा नाही. हात हलतोच, त्या हलण्यात साइट सरळ ठेवून ट्रिगर न हिसकता दाबत राहणे एवढेच साधायचे असते.

आता जुळवाजुळव. सुरुवात काडतुसापासून होते, आणि इथेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. .२२ स्पर्धा पिस्तुलाच्या स्प्रिंगा स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसांसाठी बसवलेल्या असतात, २.६ ग्रॅमची शिशाची गोळी आणि आवाजाच्या वेगाच्या आतला वेग. जास्त वेगाची काडतुसे घातली की बोल्ट मागे जोराने आदळतो आणि पिस्तूल लवकर झिजते. शिवाय एकाच कंपनीच्या दोन वेगळ्या लॉटची काडतुसे एकाच नळीतून सारखी जात नाहीत. त्यामुळे गंभीर नेमबाज पिस्तूल शिकंज्यात आवळून निरनिराळे लॉट मारून पाहतात आणि जुळेल तो एकदम साठवून ठेवतात.

त्यानंतर मूठ. अक्रोडाच्या लाकडाची ही मूठ हाताच्या मापाने कानशीने घासून आणि पुट्टी भरून घडवली जाते. डोळे मिटून हात वर केला आणि डोळे उघडल्यावर साइट आपोआप सरळ दिसली, की मूठ बसली. ३ सेकंदांच्या प्रकारात साइट शोधायला वेळच नसतो, म्हणून मुठीचे काम साइट आणि ट्रिगरच्या कामाआधीचे. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या उन्हाळ्यात तळहाताचा घाम मूठ निसटवतो. तिच्यावर बारीक टोचे मारून खरखरीत केलेला पृष्ठभाग त्यासाठीच. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि पोलादाला गंज धरतो. तेलाचा पातळ हात द्यावा लागतो, पण चेंबर आणि नळी मात्र गोळी मारण्यापूर्वी कोरडी हवी.

साइटचा नियम सोपा: गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साइट सरकवायची. अवघड आहे तो संयम. एका गोळीवरून स्क्रू फिरवू नये. निदान ५ गोळ्यांचा ग्रुप पाहावा, तो लहान आणि एका जागी असेल तरच हात लावावा. उजव्या हाताने मारणाऱ्याच्या गोळ्या खाली डावीकडे जात असतील तर बहुधा साइटचा दोष नसतो, ट्रिगर हिसकल्याचा असतो. रेंजवर स्क्रूड्रायव्हर जितक्या वेळा बाहेर निघतो, त्यातल्या बऱ्याच वेळा तो खिशात राहिला असता तर बरे झाले असते.

ट्रिगरमध्ये चार गोष्टी बदलता येतात: पहिल्या टप्प्याचे वजन, दुसऱ्या टप्प्याचे वजन, हॅमर अडवून धरणाऱ्या सिअरची पकड आणि गोळी सुटल्यानंतर ट्रिगर किती मागे जाईल ते. एकूण १००० ग्रॅमपैकी, उदाहरणार्थ, ७०० पहिल्या टप्प्यात घेऊन दुसऱ्यात ३०० ठेवले की शेवटचा दाब हलका लागतो. तपासणीत पिस्तूल उभे धरून त्याच्या ट्रिगरला ठरलेले वजन अडकवतात. ते उचलता आले नाही तर पिस्तूल बाद. म्हणून जाणकार १०००पेक्षा थोडे जास्तच वजन ठेवतात. सिअरची पकड मात्र हौसेने कमी करण्याची बाब नाही. ती फार उथळ झाली तर हॅमर धक्क्याने सुटून पिस्तूल आपोआप उडू शकते, एका दाबात दोन गोळ्याही सुटू शकतात. हे काम परवानाधारक आर्मररचे. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्र दुरुस्तीच्या व्यवसायाला परवाना लागतो.

पिस्तुलाच्या परवान्याची वाटही लांब आहे. ९ मि.मी. हा सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर आहे; .२२ला परवाना मिळू शकतो. म्हणून कुरखेड्यासारख्या गावातल्या मुलाने किंवा मुलीने सुरुवात १० मीटरच्या एअर पिस्तुलापासून करणेच व्यवहार्य. ४.५ मि.मी. बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवेच्या शस्त्राला २०१६च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. एअर पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक नसते, पण साइट आणि ट्रिगर यांचे सगळे शिक्षण त्यावर होते. पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर २५ मीटरला उभे राहण्याआधी ते व्हावेच.

अडकणे ही सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलाची जन्मजात खोड. पुंगळी बाहेर न पडता बोल्टमध्ये उभी चिमटली जाते, कारण बहुधा मळके चेंबर, झिजलेला एक्स्ट्रॅक्टर किंवा गरजेपेक्षा ताठ स्प्रिंग. काडतूस वर चढत नाही, कारण मॅगझिनचे वाकलेले ओठ किंवा चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर, म्हणजे फीड रॅम्पवर, साचलेले शिसे आणि मेण. कधी हॅमर पडतो आणि गोळी सुटत नाही. तेव्हा नळी लक्ष्याकडेच धरून निदान अर्धा मिनिट थांबतात, कारण उशिरा पेटणारे काडतूस असू शकते. स्पर्धेत पिस्तूल अडकले तर बोट ट्रिगरवरून काढून, नळी समोर ठेवून मोकळा हात वर करायचा आणि पंचाची वाट पाहायची. पंच येण्याआधी पिस्तूल उघडले तर सवलत मिळत नाही. दोष पिस्तुलाचा किंवा काडतुसाचा ठरला तर राहिलेल्या गोळ्या मारायची संधी मिळते. नेमबाजाचा ठरला तर न सुटलेली गोळी शून्य धरतात. सेफ्टी काढायची राहणे किंवा मॅगझिनमध्ये पाचऐवजी चारच काडतुसे भरणे, हे नेमबाजाचे दोष.