एका गोळीतले रेणू आणि दोन अमिनो आम्लांचा फरक

अबाकॅविर हे एचआयव्हीवरचं औषध. गोळी ३०० मिलिग्रॅमची. तेवढ्याशा औषधातले रेणू मोजायचे तर ६३ वर १९ शून्यं द्यावी लागतात. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांत ते वाटले, तरी माणशी साडेसात हजार कोटींहून जास्त येतील.

बहुतेकांना ही गोळी सोसते. पण चाचणी न करता ती दिली जायची तेव्हा शंभरातल्या पाच ते आठ जणांना पहिल्या सहा आठवड्यांत ताप, पुरळ, उलट्या, धाप असा त्रास सुरू होई. गोळी थांबवली की तो ओसरे. खरा घात पुढे होता. आलेला ताप फ्लूचा समजून तीच गोळी पुन्हा सुरू केली, तर काही तासांत रक्तदाब कोसळून जीवावर बेतायचं.

हे कुणाला होणार, ते आधी कसं ओळखायचं? माणसाच्या जनुकसंचाची एक प्रत सुमारे ३०० कोटी अक्षरांची. सेकंदाला एक अक्षर, अखंड वाचत राहिलं तरी ९५ वर्षं लागतील. त्यात सहाव्या गुणसूत्रावर एचएलए-बी नावाचं जनुक आहे, आणि त्याची आज ९,०००हून जास्त रूपं नोंदली गेली आहेत. २००२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी बोट ठेवलं ते नेमकं एका रूपावर: ५७:०१.

या जनुकापासून बनणारं प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर असतं. त्याच्या खोबणीत पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे मांडते आणि रोगप्रतिकारक पेशी ते तपासून जातात. अबाकॅविर ५७:०१च्या खोबणीत तळाशी जाऊन बसतं. मग तिथे भलतेच तुकडे मांडले जातात आणि शरीर स्वतःच्याच पेशींवर तुटून पडतं. ५७:०३ हे त्याचं सख्खं भावंड. तीनशेहून जास्त अमिनो आम्लांच्या त्या प्रथिनात दोघांमध्ये फरक आहे तो खोबणीतल्या दोनांचा, आणि तेवढ्यानेच ही ॲलर्जी टळते.

२००८ साली १९ देशांतल्या १,९५६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. जनुक तपासूनच औषध दिलेल्या गटात, कातडीवरच्या तपासणीने पक्की ठरलेली ॲलर्जी किती जणांना झाली? शून्य. न तपासता दिलेल्यांत २.७ टक्के. वैद्यकात असं शून्य क्वचितच पाहायला मिळतं. त्याची किंमतही आहे. ५७:०१ असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना हे औषध सोसलं असतं, तरी त्यांनाही ते नाकारलं जातं. मला हा सौदा रास्त वाटतो, कारण त्यांना देता येतील अशी दुसरी औषधं आहेत.

केनियात मसाई लोकांमध्ये हे रूप सुमारे १३.६ टक्के आढळलं, तर त्याच देशातल्या लुह्यांमध्ये ३.३ टक्के. त्यामुळे रुग्णाचा देश किंवा वर्ण पाहून अंदाज बांधण्यात अर्थ नाही. तपासणी जन्मात एकदाच करावी लागते, आणि तिचा निकाल हाती येईपर्यंत पहिली गोळी देऊ नये.