ॲसिडिटी, अल्सर आणि एक जंतू: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात 'पित्त झालंय' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. सकाळी चहावर लोकल गाठायची, दुपारी मिळेल ते खायचं, रात्री उशिरा जेवायचं. मग जळजळ होणारच, असं आपण धरून चालतो. औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी आणली की विषय तिथेच मिटतो. पण महिनोन्‌महिने टिकणाऱ्या या त्रासामागे काही जणांत हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो. दुर्बिणीच्या तपासणीत हे नाव आलं की घरातला एक जण म्हणतो, 'काही नाही, सगळ्यांनाच असतो.' दुसरा म्हणतो, 'आता कॅन्सर होणार.' दोघांचंही म्हणणं तपासून पाहायला हवं.

गैरसमज: जठरातल्या आम्लात जंतू जगूच शकत नाही.

वस्तुस्थिती: बहुतेक जंतू जगत नाहीत, हा जगतो. त्याच्याकडे युरिएज हे विकर बनवणारी जनुकं आहेत. जठरातल्या युरियापासून हे विकर अमोनिया तयार करतं आणि जंतूच्या अवतीभवतीचं आम्ल सौम्य होतं. मळसूत्री शरीर आणि टोकाच्या शेपट्यांच्या जोरावर तो जठराच्या आतल्या चिकट थरात शिरतो आणि तिथे वर्षानुवर्षं मुक्काम करतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी 1982 साली तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. या कामासाठी दोघांना 2005 चं नोबेल पारितोषिक मिळालं.

गैरसमज: अल्सर तिखट खाण्याने आणि टेन्शनने होतो.

वस्तुस्थिती: ठाण्याची तर्रीदार मिसळ किंवा स्टेशनबाहेरचा वडापाव खाऊन जळजळ वाढू शकते, आधीच असलेलं दुखणं जाणवू शकतं. पण जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला जखम होण्याची दोन मुख्य कारणं वेगळी आहेत. एक म्हणजे हा जंतू. दुसरं म्हणजे ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या. गुडघेदुखीसाठी अशा गोळ्या रोज, स्वतःच्या मनाने घेणाऱ्या आजी-आजोबांना मिसळीपेक्षा त्या गोळ्यांचा धोका कितीतरी जास्त असतो.

गैरसमज: जंतू सापडला म्हणजे अल्सर किंवा कॅन्सर ठरलेलाच.

वस्तुस्थिती: मार्शल यांनी 1984 साली या जंतूचं द्रावण स्वतः प्यायलं आणि त्यांना अल्सर झाला, अशी गोष्ट सांगितली जाते. प्रत्यक्षात त्यांना मळमळ आणि उलट्या झाल्या, जठराला सूज आली. अल्सर झाला नाही. संसर्ग आणि अल्सर यांच्यात बरंच अंतर आहे. मुंबईत 1994 साली प्रसिद्ध झालेल्या रक्तपाहणीत पाच वर्षांखालच्या सुमारे एक पंचमांश मुलांत या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली होती आणि किशोरवयापर्यंत बहुतेकांत. एवढ्या सगळ्यांना अल्सर झालेला नाही. जगभरचा अनुभव असा की संसर्ग झालेल्यांपैकी साधारण 10 ते 15 टक्क्यांना आयुष्यात कधीतरी अल्सर होतो आणि 1 ते 3 टक्क्यांना जठराचा कॅन्सर.

म्हणून जंतू निरुपद्रवी ठरतो असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 सालीच त्याला पहिल्या गटातला, म्हणजे माणसात कॅन्सर घडवणारा घटक ठरवलं आहे.

गैरसमज: जंतू एकच, म्हणजे त्याची ताकदही सगळीकडे सारखीच.

वस्तुस्थिती: नाव एक असलं तरी वाण अनेक आहेत आणि त्यांतला फरक जनुकांत आहे. या जंतूच्या एका वाणाचा संपूर्ण जनुकसंच 1997 साली वाचला गेला: डीएनएची सुमारे 16.7 लाख अक्षरं, जवळपास 1,590 जनुकं. त्यांतली काही रोगकारक म्हणून ओळखली जातात.

सगळ्यांत चर्चेतलं जनुक म्हणजे कॅग-ए. ते एकटं नसतं. काही वाणांत सुमारे 40 हजार अक्षरांचा एक सलग पट्टा असतो आणि त्यात तीसेक जनुकं असतात. या पट्ट्याची अक्षररचना उरलेल्या जनुकसंचाहून वेगळी आहे. कधीकाळी तो दुसऱ्या जंतूकडून आला असावा, असं त्यावरून मानतात. त्यातली बरीच जनुकं मिळून इंजेक्शनच्या सुईसारखं यंत्र बांधतात आणि त्यातून कॅग-ए हे प्रथिन थेट जठराच्या पेशीत सोडलं जातं. आत गेल्यावर ते पेशीच्या वाढीचे निरोप बिघडवतं. पेशींची एकमेकींना धरून राहण्याची घडी विस्कटते, सूज वाढते.

दुसरं जनुक व्हॅक-ए. ते जवळपास सगळ्याच वाणांत असतं, पण त्याची रूपं वेगवेगळी. एका रूपातून बनणारं विष पेशीत पोकळ्या पाडतं आणि प्रतिकार करणाऱ्या पेशींना थंड करतं. दुसऱ्या रूपाचं विष जवळजवळ निष्प्रभ असतं.

गैरसमज: 'कॅग-ए पॉझिटिव्ह' निघालं म्हणजे आपल्यालाच सर्वांत वाईट जंतू लागला.

वस्तुस्थिती: युरोप-अमेरिकेत साधारण 60 ते 70 टक्के वाणांत कॅग-ए असतं. तिथे ते असणं-नसणं यावरून धोक्याचा अंदाज बांधता येतो. आपल्याकडे चित्र निराळं आहे. कोलकात्याच्या राष्ट्रीय कॉलरा आणि आंत्ररोग संस्थेतल्या संशोधकांनी 2000 च्या आसपास दाखवलं की तिथल्या बहुतेक वाणांत कॅग-ए होतंच. अल्सरच्या रुग्णांतही आणि अल्सर नसलेल्यांतही. जी खूण जवळपास सगळ्यांवर आहे, तिच्यावरून कोण आजारी पडेल हे कसं सांगणार?

आणखी एक गोष्ट. भारतात संसर्ग भरपूर, तरी जठराचा कॅन्सर त्या मानाने कमी. मुंबईची कर्करोग नोंदणी देशातली सर्वांत जुनी. तिथेही जठराच्या कॅन्सरचं प्रमाण कमी दिसतं. मिझोराममध्ये मात्र ते देशात सर्वाधिक आहे. म्हणजे जंतूच्या जनुकांखेरीज माणसाची स्वतःची जनुकं, तंबाखू, खारवलेलं आणि धुरावलेलं अन्न यांचाही हात असतो. म्हणून नेहमीच्या उपचारांत डॉक्टर जंतूची जनुकं तपासायला सांगत नाहीत. अशा तपासण्या संशोधनाची साधनं आहेत. त्यांच्यावर खर्च करून रुग्णाचं औषध बदलत नाही.

गैरसमज: पावसाळ्यातला गॅस्ट्रो पायलोरीनेच होतो.

वस्तुस्थिती: नाही. गढूळ पाण्यानंतर कल्याण-डोंबिवलीत किंवा ठाण्यात उलट्या-जुलाबांचे रुग्ण वाढतात, तेव्हा कारण ई. कोलाय, कॉलराचा जंतू किंवा विषाणू असे असतात आणि हल्ला आतड्यांवर होतो. त्या जंतूंचीही रोगकारक जनुकं असतात. कॉलऱ्याच्या विषाचं जनुक तर जंतूला एका विषाणूकडून मिळतं. पायलोरीचा संसर्ग बहुधा लहानपणी घरातच होतो, आईवडील-भावंडांकडून, तोंडावाटे किंवा विष्ठेचा अंश हाताला लागून. एका खोलीत दाटीने राहणं आणि हात धुण्यापुरतंही पाणी नसणं, यांतून तो वाढतो.

गैरसमज: रक्त तपासलं, चार दिवस गोळ्या घेतल्या, झालं.

वस्तुस्थिती: रक्तातली प्रतिपिंडं जुन्या संसर्गाचीही असू शकतात. आज जंतू आहे का, हे कळायला युरिया श्वास चाचणी, शौचातील प्रतिजनाची चाचणी किंवा दुर्बिणीतून घेतलेला तुकडा लागतो. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या चालू असतील तर चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून डॉक्टरांना विचारून त्या दोन आठवडे आणि प्रतिजैविकं चार आठवडे आधी बंद ठेवावी लागतात.

उपचार सहसा 14 दिवसांचा, आम्ल कमी करणारी गोळी आणि दोन किंवा अधिक जंतुनाशक औषधं मिळून. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून थांबलात तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. क्लॅरिथ्रोमायसिनला न जुमानणाऱ्या पायलोरीला जागतिक आरोग्य संघटनेने औषधरोधी जंतूंच्या 2017 च्या यादीत मोठ्या प्राधान्याचा धोका म्हटलं होतं. औषध संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून जंतू गेल्याची खात्री करायलाच हवी.

जळजळ दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकली तर स्वतः गोळ्या घेत राहू नका. काळी चिकट विष्ठा, रक्ताची उलटी, कारण नसताना घटणारं वजन, गिळताना अडकणं यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. घरात कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा. जनुकांचा अहवाल मागू नका. योग्य चाचणी मागा आणि औषधाचा कोर्स शेवटच्या गोळीपर्यंत पूर्ण करा.