कानातली शिट्टी

डोंबिवली किंवा कल्याणला रुळांलगतच्या इमारतीत पाहुणा म्हणून राहिलात, तर पहिल्या रात्री झोप लागत नाही. गाडी धडधडत जाते, भोंगा वाजतो आणि आपण दचकून उठतो. यजमान मात्र गाढ झोपलेले! सकाळी विचारले तर म्हणतात, ''गाडी? आम्हाला ऐकूच येत नाही.'' त्यांचे कान चांगले असतात. आवाज कानात शिरतो, पण मेंदूने त्याला बिनमहत्त्वाचा ठरवलेले असते. हा अनुभव लक्षात ठेवू या. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

बाहेर कसलाही आवाज नसताना कानात शिट्टी, किरकिर किंवा गुणगुण ऐकू येणे म्हणजे कर्णनाद. हा स्वतंत्र रोग नव्हे, लक्षण आहे. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी चांगले ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते विचारले. सुमारे ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज ऐकल्याचे सांगितले! म्हणजे पूर्ण शांततेत थोडा नाद बहुतेकांना ऐकू येऊ शकतो. प्रश्न असतो तो हा नाद पाठ सोडत नाही तेव्हा.

आवाज येतो कुठून?

अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखे कर्णावर्त असते. त्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांनी त्यांचे सूक्ष्म केस हलतात आणि श्रवणचेतेमार्फत मेंदूकडे संदेश जातो. मोठ्या आवाजाने या पेशी मोडून पडतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. सहसा पहिला फटका बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच स्वरांना.

त्या पट्ट्यातले संदेश कमी झाले की मेंदू काय करतो? केंद्र नीट लागत नसले की आपण रेडिओचा आवाज वाढवतो, मग खरखरही वाढते. मेंदूही तसेच करतो, असे बहुतेक संशोधक मानतात. म्हणून शिट्टीची सुरुवात कानातल्या इजेपासून झाली, तरी ती वाजते मेंदूत. कानात मळ साठणे, मधल्या कानाचा संसर्ग, वाढते वय, ॲस्पिरिनची मोठी मात्रा किंवा क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिन ही कारणेही असू शकतात.

आपल्या गावातले आवाज

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले. दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. अशा दाबलहरीने कर्णपटलही फाटू शकतो. पण रोजचा धोका अधिक साधा आहे: कारखान्यातली यंत्रे, मिरवणुकीतल्या ध्वनिवर्धकांच्या भिंती, दहीहंडीचा दणदणाट आणि कानात खुपसलेले इयरफोन.

८५ डेसिबलचा आवाज रोज ८ तास, ही साधारण सुरक्षित मर्यादा मानतात. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास. मग १०० डेसिबलला किती? उत्तर येते फक्त १५ मिनिटे! हे गणित वर्गात फळ्यावर जरूर करून घ्या.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. ती पाळली जावी म्हणून ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांनी २०१० साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. ऑगस्ट २०१६ मध्ये तिचा सविस्तर निकाल लागला. ध्वनिवर्धक वापरणे हा कुठल्याही धर्माचा मूलभूत हक्क नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले.

शिट्टी थांबत नसेल तर

प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासणी आणि श्रवणचाचणी करून घ्यावी. अचानक ऐकू येईनासे झाले, एकाच कानात नाद असला, नाडीच्या ठोक्याबरोबर तो धडधडत असला किंवा चक्कर येत असली, तर दिरंगाई करू नये. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचाराचे पहिले काही दिवस मोलाचे असतात.

कर्णनाद हमखास बंद करणारी गोळी आजही नाही. मग काय करायचे? इथे रुळांशेजारचे यजमान आठवा. ''मला काही भयंकर झाले आहे'' या भीतीने माणूस शिट्टीकडे कान लावून बसतो. लक्ष दिल्याने ती मोठी वाटते, झोप उडते आणि भीती आणखी वाढते. हे चक्र तोडायचे असते. संपूर्ण शांतता टाळावी. रात्री पंखा किंवा मंद संगीत चालू ठेवावे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज परत मिळतात आणि नाद मागे पडतो. विचारांची सवय बदलणाऱ्या मानसोपचाराने नाद बंद होत नसला, तरी त्याचा त्रास कमी होतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. याला काही महिने लागतात, पण बहुतेकांना सवय होते.

वर्गात एवढे करा

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मुलांना विचारा, ''काल रात्री कुणाच्या कानात शिट्टी वाजत होती?'' बरेच हात वर येतील. त्यांना घाबरवू नका. पण ती शिट्टी म्हणजे केसपेशींवर ताण पडल्याची खूण आहे, हे सांगा. सकाळी ती थांबली म्हणून इजा पूर्ण भरून निघाली असे नाही. ज्याची शिट्टी आठवड्यानंतरही थांबलेली नसेल, तो कदाचित भीतीने गप्प बसलेला असेल. त्याला वेगळे बोलावून त्याच्या पालकांशी बोला. त्याचे लक्ष अभ्यासात का लागत नाही, याचे उत्तर तिथे असू शकेल.