सायकलीचे कुलूप : थोडी माहिती, थोडी दक्षता



आपल्यापैकी कित्येक घरांत सायकल, मग ती साधी असो वा विजेवर चालणारी, हे शाळेला व कामाला जाण्याचे साधन आहे. ती चोरीस गेली तर पैसा तर जातोच, पण दुसऱ्या दिवशीच्या हजेरीचाही प्रश्न पडतो. म्हणून या विषयाचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

मुंबईत व कोकणात आपण वापरलेल्या सायकलींच्या मागच्या चाकाला घोड्याच्या नालेच्या आकाराचे कुलूप बसवलेले असे. ते लावले की लोखंडी दांडी आऱ्यांमधून जाई व चाक फिरेनासे होई. ती सायकल जड असल्यामुळे एवढा बंदोबस्त बहुधा पुरत असे. आजची साधी सायकल हलकी असते. चाक अडले तरी चोर ती खांद्यावर टाकून नेतो. म्हणून आता सायकल एखाद्या अचल वस्तूला जखडणे आवश्यक झाले आहे.

तारेचे कुलूप स्वस्त असते, परंतु ते हातकातरीने क्षणात तुटते. कठीण पोलादाची जाड साखळी किंवा यू आकाराचे कुलूप अधिक टिकाऊ. विजेच्या ग्राइंडरपुढे तीही अखेर हार खातात. पण त्यास वेळ लागतो, मोठा आवाज होतो, आणि चोराला नेमके हेच नको असते. केवळ जाडी पाहूनही फसू नये. २००४ साली अमेरिकेत असे उघडकीस आले की, गोल पोकळ किल्लीची काही भक्कम कुलपे साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात!

कुलूप लावताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. केवळ चाक बांधू नये. सांगाडा व चाक दोन्ही कुलपात घ्यावीत. पुष्कळ सायकलींचे पुढचे चाक नुसता खटका फिरवला की निघते.

२. खांब पक्का रोवलेला आहे ना, व त्यावरून सायकल उचलून काढता येत नाही ना, हे पाहावे.

३. कुलपात मोकळी जागा राहू देऊ नये. तीत पहार घालून ते फोडता येते.

४. साखळी जमिनीवर टेकू देऊ नये. टेकली तर कातरीला जमिनीचा आधार मिळतो.

५. विजेच्या सायकलीची बॅटरी काढून बरोबर न्यावी.

६. इमारतीच्या जिन्यात वा आश्रयस्थानाच्या वाटेवर सायकल बांधू नये. संकटसमयी तीच शेजाऱ्यांची वाट अडवील.

बहुतेक सायकलींच्या सांगाड्यावर, बहुधा पायट्यांच्या आसाखाली, क्रमांक कोरलेला असतो. तो उतरवून पावती व छायाचित्रासह घरी ठेवावा. पोलिसांत तक्रार देताना सायकलीची ओळख त्यावरूनच पटवता येते.

शेवटी एक विनंती. कोणी पावतीवाचून, फारच अल्प किमतीत सायकल देऊ लागला, तर ती घेऊ नये. चोरीच्या मालाला गिऱ्हाईक मिळते, म्हणूनच चोराचा धंदा चालतो. आपल्या मुलांना सायकल घेऊन देताना हेही सांगावे.