टोस्टमास्टर

औपचारिक मेजवानीत शुभचिंतनाचे प्याले व भाषणे यांची यथाक्रम घोषणा करून समारंभाचे सूत्रचालन करणारा व्यावसायिक. ही प्रथा मुख्यतः इंग्लंडमध्ये विकसित झाली. तेथे नागरी भोजनसमारंभांप्रमाणेच विवाहानंतरच्या मेजवानीतही टोस्टमास्टरला मानधन देऊन पाचारण करण्यात येते. विवाहाचा धार्मिक विधी वा त्याची नोंदणी धर्मोपदेशक अथवा निबंधक यांच्याकडे असते. टोस्टमास्टरचा विवाहाच्या वैधतेशी संबंध नसतो. त्याचे खरे कार्य विधी आटोपल्यानंतर सुरू होते.

संज्ञेचा उगम : मद्यात भाजलेल्या पावाचा मसालेदार तुकडा टाकण्याची चाल इंग्लंडमध्ये पूर्वी होती. शेक्सपिअरच्या द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर या नाटकातील फॉल्स्टाफ असा तुकडा घातलेले मद्य मागवितो. या तुकड्याने जशी पेयाला चव येते, तशीच ज्या व्यक्तीच्या नावे प्याला घ्यावयाचा तिच्या नामोच्चारानेही येते, अशा कल्पनेतून ‘टोस्ट’ ही संज्ञा त्या व्यक्तीस व पुढे शुभचिंतनाच्या कृतीस लाभली. द टॅटलर या नियतकालिकात १७०९ मध्ये बाथ येथील एका सौंदर्यवतीच्या आख्यायिकेद्वारे या शब्दाची उपपत्ती सांगितलेली आहे. अठराव्या शतकात एकाच भोजनप्रसंगी अनेक प्याले घेण्याची रूढी पडल्याने त्यांचा क्रम सांभाळणाऱ्या व्यक्तीची गरज भासू लागली.

व्यवसायाचा विकास : ध्वनिवर्धकाचा शोध लागण्यापूर्वी शेकडो पाहुण्यांच्या दालनात शांतता प्रस्थापित करण्यास खणखणीत आवाजाचा माणूस लागे. लंडनमधील मेजवान्यांत एकोणिसाव्या शतकात असे घोषक प्रसिद्धीस आले. विनोदी नट जॉन लॉरेन्स टूल (१८३०–१९०६) याचे वडील जेम्स टूल हे त्यांपैकी एक असून त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतही काम केले होते. टोस्टमास्टर प्रारंभी पाहुण्यांप्रमाणे व वाढप्यांप्रमाणे काळा कोट घालीत. त्यामुळे त्यांना ओळखणे कठीण जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाल शेपटीचा कोट रूढ झाला. त्याचे श्रेय सामान्यतः विल्यम नाइटस्मिथ यांना दिले जाते. लाल कोट, पांढरे जाकीट, पांढरा बो, पांढरे हातमोजे आणि हातातील लाकडी हातोडी हा टोस्टमास्टरचा वेश बनला. विसाव्या शतकात या व्यावसायिकांच्या संघटना स्थापन झाल्या व प्रशिक्षणही सुरू झाले. आयव्हर स्पेन्सर (१९२४–२००९) हे या क्षेत्रातील विशेष ख्यातनाम नाव होय. पूर्वी केवळ पुरुषांच्या असलेल्या या व्यवसायात आता स्त्रियाही आहेत.

विवाहातील कार्य : परंपरागत पद्धतीत यजमान व वधूवर दालनाच्या दाराशी ओळीने उभे राहतात आणि टोस्टमास्टर प्रत्येक पाहुण्याचे नाव विचारून ते मोठ्याने उच्चारतो. सर्व स्थानापन्न झाल्यावर तो नवदांपत्याच्या आगमनाची घोषणा करतो. भोजनापूर्वीची प्रार्थना, केक कापणे, भाषणे व पहिले नृत्य हे सर्व त्याच्या निवेदनानुसार चालते. भाषणांचा रूढ क्रम असा : वधूपिता नवदांपत्याचे शुभचिंतन करतो, वर उत्तरादाखल बोलून करवल्यांच्या नावे प्याला उचलतो, त्यांच्या वतीने वराचा पाठराखा मित्र आभार मानतो आणि अनुपस्थितांचे संदेश वाचून दाखवितो. वधूने स्वतः न बोलण्याची जुनी रीत अलीकडे सैल झाली आहे. ब्रिटनमधील ज्यू विवाहांत राजनिष्ठेचा प्यालाही घेण्याची प्रथा आहे. औपचारिक मेजवानीत या प्याल्यानंतरच धूम्रपानास अनुमती दिल्याची घोषणा होई. इंग्लंडमध्ये बंदिस्त सार्वजनिक जागी धूम्रपानास २००७ मध्ये बंदी आल्यावर ती निरर्थक ठरली.

या कार्याचा अवघड भाग पाहुण्यांना दिसत नाही. वधूपिता हयात नसेल, तर त्याच्या जागी कोण बोलणार. आईवडील विभक्त असतील, तर त्यांना स्वागताच्या ओळीत कोठे उभे करावयाचे. सावत्र नातलगांचा उल्लेख कोणत्या शब्दांनी करावयाचा, हे प्रश्न दोन्ही घरच्यांशी आधीच बोलून सोडवावे लागतात. चुकीचा उच्चार वा विसरलेले नाव कुटुंबाच्या मनात दीर्घकाळ सलत राहते. स्वयंपाकघरातील तयारी, वादकांची वेळ व वक्त्यांची लांबण यांचा मेळ त्यालाच घालावा लागतो. कोणाही पक्षाचा नातलग नसल्यामुळे वेळेचे बंधन तो निःसंकोचपणे घालू शकतो. आप्ताने तसे केल्यास त्यास पक्षपात मानले जाण्याचा संभव असतो. लक्ष स्वतःकडे न वेधता वक्त्याकडे व नवदांपत्याकडे वळविणे, ही त्याच्या कौशल्याची कसोटी होय.

तत्सम प्रथा : जॉर्जियातील ‘सुप्रा’ या मेजवानीचे नेतृत्व ‘तमादा’ करतो. तो घोषक नसून स्वतःच प्रत्येक प्याल्याचे भाषण करतो. शांती, पूर्वज, मृत आप्त, बालके अशा विषयांवर क्रमाने बोलून तो इतरांना त्यात भर घालावयास सांगतो. तमादाची निवड बहुधा उपस्थितांतून होते. रशियात मात्र हाच शब्द विवाहातील व्यावसायिक सूत्रधारास लावला जातो. गोव्यातील व मुंबई–वसई भागातील कॅथलिक विवाहांतही वधूवरांच्या नावे टोस्ट उचलण्याची चाल असून तेथील सूत्रधार त्याची घोषणा करतो, नृत्यांचा क्रम जाहीर करतो व प्रसंगी विनोदाने सभा रंगवितो. टोस्टचे भाषण मात्र बहुधा कुटुंबाच्या निकटची, मान्यवर व्यक्ती करते.

राल्फ स्मेडली यांनी कॅलिफोर्नियातील सँटा ॲना येथे १९२४ मध्ये सुरू केलेल्या मंडळातून विस्तारलेली टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल ही संस्था सभाषणकलेचे शिक्षण देते. नामसाधर्म्य असले, तरी प्रस्तुत व्यवसायाशी तिचा थेट संबंध नाही. ध्वनिवर्धकामुळे बुलंद आवाजाची निकड उरली नाही आणि अनेक विवाहांत हे काम मित्र वा संगीत वाजविणारे निवेदक करतात. तथापि दोन अपरिचित कुटुंबांना एका भोजनास सुव्यवस्थितपणे एकत्र बसविण्याची गरज कायम असल्याने हा व्यवसाय मर्यादित प्रमाणात टिकून आहे.