जेथे डोंगर समुद्रात गेला

बंदर पाहावे ते पाण्यावरूनच. भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचीत बसून मागे वळून पाहिले, की मुंबई जितकी उमगते तितकी ती रस्त्यांवरून महिनाभर हिंडूनही उमगत नाही. जपानातल्या कोबे शहराचे असेच आहे. पाठीशी रोक्को डोंगराची हिरवी रांग, पुढ्यात समुद्र, आणि दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीत जवळजवळ पंधरा लाखांची वस्ती. आपला कोकणचा माणूस तेथे उतरला, तर त्याला हा देखावा परका वाटायचा नाही.

शहराची सफर घडवणाऱ्या बोटी मेरिकेन बागेशेजारच्या धक्क्यावरून सुटतात. 'मेरिकेन' म्हणजे आपला 'अमेरिकन'च; जपानी उच्चारात त्याचा 'अ' तेवढा गळून पडला. १ जानेवारी १८६८ रोजी हे बंदर परदेशी जहाजांना खुले झाले. त्यानंतर येथल्या धक्क्यासमोर अमेरिकेची वकिलात होती, म्हणून हे नाव.

बोट हलली की प्रथम नजरेत भरतो तो लालभडक मनोरा. १९६३ साली उभारलेला हा १०८ मीटर उंचीचा पोर्ट टॉवर मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद आहे. जपानी लोक त्याला आपल्या 'त्सुझुमी' या वाद्याची उपमा देतात. आपल्याला शंकराचा डमरू आठवतो. थोडे पुढे जाताच जहाजांचे कारखाने लागतात. कावासाकी आणि मित्सुबिशी या दोन कंपन्यांच्या गोद्या येथे आहेत, आणि जपानच्या पाणबुड्या बांधल्या जातात त्या याच दोन ठिकाणी. नशीब असेल तर एखादी पाणबुडी पाठ वर काढून, रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी, निवांत पडलेली दिसते!

या पाण्याशी मुंबईचे नाते जुने आहे. एके काळी मुंबईचा कापूस जपानच्या गिरण्यांना जाई तो मुख्यतः इंग्रजी कंपन्यांच्या बोटींतून, आणि भाडे त्या कंपन्या म्हणतील ते. जमशेटजी टाटांनी जपानच्या 'निप्पोन युसेन' कंपनीशी हातमिळवणी केली, आणि १८९३ साली मुंबई-कोबे अशी जहाजांची नवी वाट सुरू झाली. जपानी कंपनीची दूरदेशी जाणारी ती पहिली नियमित वाट. पुढे रासबिहारी बोस १९१५ साली नाव बदलून येथे उतरले. दुसऱ्या वर्षी रवींद्रनाथ टागोर आले. १९२३ च्या भूकंपात योकोहामा शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा तेथल्या अनेक हिंदी व्यापाऱ्यांनी आपली बिऱ्हाडे कोबेला हलवली. भूकंपाने त्यांना येथे आणले, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता डाव्या हाताला एक मोठे बेट दिसू लागते. त्यावर उंच यारी, गोदामे, इस्पितळे, राहती घरे सगळे आहे. पण ते देवाने केलेले बेट नव्हे, माणसांनी केलेले! कोबेला जागा अपुरी पडू लागली, तेव्हा नगरपालिकेने १९६६ साली हे काम हाती घेतले. शहराच्या पश्चिमेकडील डोंगर खणायचे, माती सरकत्या पट्ट्यांवरून किनाऱ्याला आणायची, तेथून पडावांत भरून समुद्रात टाकायची. डोंगर कापून जी सपाट जमीन निघाली तिच्यावरही घरे झाली. एका कामात दोन जागा! 'डोंगर समुद्रात जातो' असे लोक कौतुकाने म्हणू लागले. पोर्ट आयलंड हे बेट १९८१ साली पुरे झाले आणि त्याच वर्षी त्यावर भरलेले प्रदर्शन दीड कोटीहून अधिक लोकांनी पाहिले. मागोमाग रोक्को आयलंड नावाचे दुसरे बेटही झाले. आणखी पुढच्या तिसऱ्या बेटावर २००६ साली विमानतळ सुरू झाला.

माणसाने समुद्रावर अशी मात केली, तोच जमिनीने आपला हिशेब मागितला. १७ जानेवारी १९९५. पहाटेचे ५ वाजून ४६ मिनिटे. थंडीत शहर अजून अंथरुणात होते. काही सेकंदांत लाकडी घरे बसली, उंचावरचा मोटाररस्ता कुशीवर कलंडला, ठिकठिकाणी आगी भडकल्या. ६,४३४ माणसे दगावली. आणि ज्या बेटाचा शहराला एवढा अभिमान, त्याची भरावाची माती हादऱ्यांनी सुटी होऊन चिखलासारखी वर उसळली. धक्क्यांच्या भिंती समुद्राकडे सरकल्या. बंदर जवळजवळ सगळेच निकामी झाले.

दोन-सव्वादोन वर्षांत धक्के पुन्हा बांधून झाले. आज बोटीतून पाहणाराला एकही तडा दिसत नाही. पण बांधणे वेगळे आणि गेलेले गिऱ्हाईक परत आणणे वेगळे. भूकंपापूर्वी पेट्यांतून होणाऱ्या मालवाहतुकीत कोबेचा जगात सहावा क्रमांक होता. बंदर बंद पडताच बराच माल कोरियाच्या बुसानकडे वळला, आणि ते जुने स्थान कोबेला पुन्हा मिळाले नाही. ज्याचे दुकान महिनाभर बंद राहिले आहे, त्या आपल्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगायला नको!

बोट परत फिरते तेव्हा सारे शहर समोर येते. रात्रीची फेरी असेल, तर डोंगराच्या उतारावर दिव्यांनी रेखलेला जहाजाचा नांगर झळकताना दिसतो. जणू शहराची रोजचीच दिवाळी.

मात्र हे दिवे पाहून कोणी लगेच मुक्कामाकडे वळू नये. बोटीच्या धक्क्याला लागूनच मेरिकेन बागेत जुन्या धक्क्याचा सुमारे ६० मीटरांचा तुकडा भूकंपाने मोडला तसाच राखून ठेवला आहे. खचलेले दगड, वाकडे झालेले दिव्यांचे खांब, भेगांतून आत आलेले समुद्राचे पाणी. सारे बंदर नवे करणाऱ्यांना एवढा तुकडा दुरुस्त करणे काय अवघड होते? तरी त्यांनी तो तसाच ठेवला, आणि तोही अडगळीत नव्हे, तर जेथे पाहुणे हसतखेळत हिंडतात तेथेच.

आपल्या मुंबईनेही सात बेटांमध्ये भराव घालूनच आपले अंग वाढवले आहे. डोंगर समुद्रात नेण्याची हिंमत तर कौतुकाची खरीच; पण मोडलेला धक्का पाहुण्यांच्या वाटेवर उघडा ठेवायला तिच्याहून मोठी हिंमत लागते. कोबेहून आणण्याजोगी वस्तू ती आहे.